न लागलेला टोमणा

मानोऱ्याच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे अध्यक्ष दौलतराव यांनी आपल्या सत्काराचा फ्लेक्स स्वतःच छापून आणला. फोटोखाली बायबलमधल्या पौलाच्या पत्रातली ओळ होती. मोबाइलवर 'राजे' हा शब्द टाकून त्यांनीच ती शोधली होती. तिचा भाव असा, की तुम्ही तृप्त झालात, धनवान झालात, आमच्यावाचूनच राजे झालात.

पास्टर फुलसिंगांनी फ्लेक्स वाचून कपाळाला हात लावला.

"भाऊ, हे स्तुती नाही. ज्यायले हे पत्र लिहिलं ते करिंथचे लोक लय फुगले होते, म्हणून पौलानं त्यायले टोमणा मारला."

"शास्त्रात टोमणा कायले राहीन?"

"हाय ना. आमी उपाशी फिरून राह्यलो अन् तुमी राजे झाले, असं म्हणते तो."

"मंग बरोबरच हाय. उपाशी तुमी फिरता, अध्यक्ष मी हाय," असे म्हणून दौलतरावांनी फ्लेक्स दारावर बांधून घेतला.

सत्काराला धनजहून आलेले पाहुणे तो वाचून पोट धरून हसले. पाहुणे खूश झाले, असा अर्थ दौलतरावांनी काढला आणि तीच ओळ ट्रॅक्टरच्या मागेही रंगवून घेतली. शेजारच्या इंझोरी गावची पोरे त्यांना 'राजे' म्हणून हाका मारू लागली, तर ते हात उंचावून आशीर्वाद देऊ लागले. शेवटी त्यांनी फर्मान काढले, की रविवारचा संदेश याच ओळीवर द्यायचा.

फुलसिंगांचा संयम सुटला. हा माणूस मंडळीचा माइक आपल्या घरी कुलपात ठेवायचा आणि प्रार्थना लांबली की खाकरायचा. अध्यक्षाची निवड तोंडावर आली होती. शाळेत शिकवणाऱ्या निताताई बहुतेकांच्या मनात होत्या, पण बोलणार कोण? पौलाचेच हत्यार वापरायचे, असे फुलसिंगांनी ठरवले.

रविवारी ते उभे राहिले. "दौलतराव नसते तर आपलं काय झालं असतं? माइक आपल्याच हाती राह्यला असता. प्रार्थना कुठं थांबवाची, हे देवाले कोणं सांगितलं असतं? आपण सारे येडे. एवढा शहाणा माणूस आपल्याले सहन करून राह्यला, हे त्याचे उपकार. असा अध्यक्ष तर मरेपर्यंत पायजे."

लोकांनी गंभीरपणे माना डोलावल्या. मागून कोणीतरी "आमेन" म्हणाले.

दौलतराव डोळे पुसत उठले. "पास्टरसाहेब, तुमच्या मनात माह्यासाठी एवढं असन, असं वाटलं नव्हतं. मंडळीची मर्जी असन तर राह्यतो मी मरेपर्यंत."

"मले तसं नव्हतं म्हणायचं," फुलसिंग चाचरले.

"आता लाजू नका," दौलतरावांनी माइक त्यांच्या हातातून घेतला. "कोणाची हरकत?"

सगळ्यांनी निताताईंकडे पाहिले. "पास्टरच म्हणते तर माही कायले राहीन?" त्या म्हणाल्या. निवड तिथेच उरकली.

बाहेर फुलसिंग भिंतीला टेकून उभे होते. दौलतरावांच्या पत्नी कस्तुराबाई चपला घालता घालता हळूच म्हणाल्या, "टोमणे झकास होते."

फुलसिंगांचा चेहरा उजळला. "काकू, तुमाले समजले?"

"मले नाही तं कोणाले समजन? लग्न झालं तवापासून मी यायच्याशी दुसरं काही बोललीच नाही. अन् हे गावभर सांगत फिरते, बायको लय गुणाची भेटली, रोज स्तुती करते."