मझे मकामेंची बकरी

"अगं कोंबो, जरा हलू नकोस. ओळ सुचतेय."

"मी कुठं हलतेय? ही मेली हलतेय!"

ही म्हणजे खोवणी. टांझानियात, पंगानीच्या किनाऱ्यावर, खोवणीला बकरी म्हणतात. चार पायांवर उभी राहते आणि पुढ्यात येईल ते खाते, म्हणून. म्वानाकोंबोबाईंची बकरी त्यांच्या लग्नातली होती. घडीची, लाकडी, पुढे जिभेसारखं लोखंडी पातं. त्या पात्याचे दात झिजून गुळगुळीत झाले होते, आणि एक पाय आखूड असल्यामुळे तिच्यावर बसणारा माणूस भर स्वयंपाकघरात होडीत बसल्यासारखा डुलायचा.

बाईंचे यजमान मकामे यांनी जन्मभर फेरीबोटीवर तिकिटं फाडली. निवृत्त झाल्यावर फाडायला काही उरलं नाही, तेव्हा ते मोहल्ल्याच्या कलामंडळात जाऊ लागले. वय झालं की तिथं नावापुढं 'मझे' आपोआप चिकटतं, तसं त्यांनाही चिकटलं होतं. मंडळात कुणी चटया रंगवी, कुणी पेटी शिके. मझे मकामेंनी कविता घेतली, कारण तिला सामान लागत नाही. दार-एस-सलामहून एक मॅडम खास शिकवायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोठमोठे विषय कशाला? घरातली एक वस्तू घ्या. तिच्याकडं नीट बघा. जे दिसेल ते लिहा." मॅडम चांगल्या होत्या, पण शहरातल्या होत्या. किनाऱ्यावरच्या गाण्यात जे दिसतं ते कधीच नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मझे मकामेंनी खोवणीकडं नीट बघितलं आणि जे दिसलं ते लिहिलं. चार कडवी झाली. ती घेऊन ते बी तिमेकडं गेले. बी तिमे, म्हणजे तिमेबाई, मंडळाची गायिका. देह असा की ती व्यासपीठावर चढली की व्यासपीठ आधी श्वास रोखून धरायचं, आणि आवाज असा की तिनं 'आ' लावला की खाडीपलीकडचे कोंबडे पहाट झाली समजून आरवायचे. तिनं गाणं वाचलं. पुन्हा वाचलं. मग दार लोटून घेतलं.

"मझे, कुणावर आहे?"

"बकरीवर."

"ते कळलं. पण बकरी कोण?"

"अगं बाई, बकरी म्हणजे खोवणी! नारळ खोवायची!"

"हां हां. खोवणी." बी तिमेनं एक डोळा असा मिटला की मझेंना वाटलं चिलट गेलं. "मी मेले तरी कुणाला सांगायची नाही. पण तुम्ही इतके पोहोचलेले असाल असं वाटलं नव्हतं हो!"

आता या गावची रीत अशी, की गायिकेच्या तोंडून आपल्या वैरिणीला लागू पडेल अशी ओळ आली, की बाई पदराच्या गाठीतली नोट सोडते, ती वर धरून डुलत डुलत गायिकेपर्यंत जाते, आणि नोट देताना गायिकेकडं न बघता बरोबर त्या वैरिणीकडं बघते. तोंडातून शब्द नाही. लेकी बोले सुने लागे हा प्रकार तिथं वाजतगाजत, पेटी-व्हायोलिनच्या साथीनं चालतो.

शनिवारी दुपारी शाळेच्या पटांगणावर मंडळाचा कार्यक्रम झाला. मझे मकामे पहिल्या रांगेत इस्त्रीचा झगा घालून बसले होते. शेजारी म्वानाकोंबोबाई, नव्या कांग्यात, म्हणजे तिकडच्या छापील लुगड्यात. पेटी वाजली, व्हायोलिन कण्हलं, आणि बी तिमेनं पहिलं कडवं सोडलं.

दात झिजले, तरी दाविते हासुनी,
नारळ दिसता धावते दुरूनी.

पटांगणातल्या सगळ्या माना गर्रकन बी रिझिकीकडं वळल्या. बी रिझिकी मझेंच्या शेजारची विधवा. तिनं त्याच आठवड्यात टांगा शहरातून नवी कवळी बसवून आणली होती आणि कारण नसताना ती दिवसभर हसत होती. मागून एक बाई उठली, नोट वर धरून डुलत आली, आणि बी रिझिकीसमोर जरा जास्तच डुलली. बी रिझिकीनं तोंड मिटलं. कवळी आत कडकन वाजल्याचं पेटीवाल्यानंही ऐकलं.

एक पाय आखूड, टेकेना घरात,
बसे जो हिजवरी, डुले तो वाऱ्यात.

ही संधी बी रिझिकी सोडते होय! ती उठली, नोट फडकावत गेली, आणि तिनं रोखून बघितलं ते मोहल्ल्याचे अध्यक्ष शेबे यांच्या बायकोकडं, जिचा पाय खरोखरच घरात टेकत नसे. अध्यक्ष शेबे हसले. बायकोला कुणी बोललं की ते नेहमी हसत. पण तिसरं कडवं आलं.

गर पांढरा सारा हिच्याच ताटात,
करवंट्या वाटी ही साऱ्या मोहल्ल्यात.

ईदेच्या मटणाची वाटणी यंदा अध्यक्षांकडं होती. मोहल्ल्यात कुणाच्या वाट्याला काय आलं होतं, ते मोहल्ल्यातल्या कुत्र्यांना नीट ठाऊक होतं. आता तर नोटांची रांगच लागली. अध्यक्ष उभे राहिले. "हे राजकारण आहे!" ते ओरडले. ते ऐकून व्हायोलिनवाल्याला वाटलं फर्माइश आली, त्यानं तेच कडवं पुन्हा घेतलं.

मझे मकामेंना मात्र काही कळत नव्हतं. ते बायकोच्या कानात म्हणाले, "खोवणीवर लोकांचं एवढं प्रेम असेल असं वाटलं नव्हतं." तेवढ्यात चौथं कडवं आलं.

जुनी झाली, उठता-बसता कुरकुरते,
टाकावी वाटते, पण मन माझे अडते.

पेटी थांबली. अख्खं पटांगण म्वानाकोंबोबाईंकडं बघू लागलं. बाई शांतपणे उठल्या. कांगा कमरेशी घट्ट केला, कुणाकडंही न बघता, रांगेतून कुणाचाही पाय न तुडवता घरी गेल्या. पाय तुडवले असते तर बरं झालं असतं, असं मझे नंतर म्हणत.

त्या दिवसापासून म्वानाकोंबोबाईंनी नारळ फोडला नाही. आणि पंगानीत नारळ नाही म्हणजे जेवण नाही. भात नारळाच्या रसात, घेवडा नारळाच्या रसात, पाला नारळाच्या रसात, मासासुद्धा मेल्यावर पुन्हा नारळाच्या रसातच पोहतो. मझेंच्या पुढ्यात कोरा चहा आणि कोरडा पाव येऊ लागला. बाई तोंडानं एक शब्द बोलत नव्हत्या. बोलत होता तो कांगा. तिथल्या कांग्याच्या काठावर म्हण छापलेली असते, आणि बाईचं कपाट म्हणजे भरलेला भाता असतो. रविवारी बाई नेसल्या, 'मोत्याची पारख माशाला नसते.' सोमवारी, 'गप्प बसते म्हणून मुकी समजू नका.' मंगळवारी त्यांनी ठेवणीतला काढला, 'बहिणीचं घर दूर नाही.' आणि त्यांची बहीण नदीपार राहत होती. फेरीबोटीनं एवढंसं.

मझे बाईंच्या मागं मागं फिरू लागले. "कोंबो, अगं, ती खोवणी आहे! आपली खोवणी! शपथ घेऊ?"

बाईंनी पाठ फिरवली. पाठीवरही म्हण होतीच.

इकडं गाणं फेरीबोटीत बसून नदीपार गेलं आणि संध्याकाळच्या खेपेला परत आलं तेव्हा त्याला दोन कडवी जास्त होती. बी रिझिकी दारात येऊन उभी राहिली. "दात माझे, तोंड माझं! तुमच्या पोटात का दुखतं हो, मझे?"

"बी रिझिकी, ते खोवणीचे दात!"

"म्हणजे माझी कवळी खोवणीसारखी दिसते?"

अध्यक्ष शेबे आले ते कुजबुजतच. "कुणी लिहून घेतलं तुमच्याकडून? नाव सांगा, तुमच्यावर राग नाही."

"कुणी नाही हो. मॅडम म्हणाल्या, घरातली वस्तू बघा."

"अच्छा!" अध्यक्षांचे डोळे विस्फारले. "म्हणजे दार-एस-सलामपासून सूत्रं हलतायत!"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. इथं तर गावभर टिपूर पडलं होतं. मझे जितकं खोवणी खोवणी करत, तितकी लोकांची खात्री पटे. वर आणखी गिऱ्हाइकं यायला लागली. एक सून येऊन म्हणाली, "मझे, माझ्या सासूवर एक लिहून द्या ना. खोवणी नको, झाली ती. जातं चालेल."

शुक्रवारी म्वानाकोंबोबाईंनी अंगणात गाठोडं बांधायला घेतलं. तेव्हा मझेंनी ठरवलं, आता तोंडानं सांगून भागायचं नाही.

शनिवारी दुपारी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला पटांगण ओसंडून वाहत होतं. झाडांवरसुद्धा इतके लोक बसले होते की कावळे उभे होते. म्वानाकोंबोबाई आल्या होत्या. गाठोडं मांडीवर, तोंड फेरीबोटीच्या धक्क्याकडं. मझे मकामे बगलेत खोवणी मारून व्यासपीठावर चढले, ती घडी उलगडून मांडली आणि माईक हातात घेतला.

"बंधूंनो, भगिनींनो! ही बकरी! हिच्यावर गाणं आहे! हे बघा दात, झिजलेत का नाही? हा बघा पाय, आखूड! आणि बसलं की कुरकुरते!"

"आम्ही कसं मानायचं?" अध्यक्ष शेबे गरजले. "मी स्वतः तपासणार."

ते वर चढले आणि झगा सावरून खोवणीवर बसले. खोवणी कुरकुरली, डुलली, जरा विचारात पडली, आणि मग तिनं घडीची असल्याचं दाखवून दिलं. अध्यक्ष उताणे. पायांतले जोडे बी तिमेच्या मांडीवर.

मग झाडावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, खरंच की! खोवणीच आहे!"

"खोवणीच आहे रे!" पटांगण घुमलं. बी तिमेनं कपाळावर हात मारला. "अग्गं बाई, मझे! तुम्ही खरंच सांगत होतात?" अध्यक्ष झगा झटकत उठले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. बी रिझिकी तर रडवेली झाली. "म्हणजे माझ्यावर नव्हतंच? आणि मी नदीपार सगळ्यांना सांगून आले!"

मझेंनी विजयी नजरेनं बायकोकडं बघितलं. म्वानाकोंबोबाई उठल्या. गाठोडं खुर्चीवर ठेवलं आणि तडक व्यासपीठाशी आल्या. आठवड्यानं त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"खोवणीवर?"

"खोवणीवर, कोंबो! देवाशपथ!"

"माझ्यावर नाही?"

"छे! एक अक्षरसुद्धा नाही!"

"वा!" बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हळू होता म्हणून सगळ्या पटांगणाला ऐकू गेला. "घरात बसून घरातली वस्तू शोधलीत. तिच्यावर मी बसले होते. ती दिसली, मी नाही दिसले. अहो, हा आठवडाभर बाजारातल्या बाया मला वाट देत होत्या. म्हणत होत्या, बघा, हिच्या नवऱ्यानं हिच्यावर गाणं केलंय. बोचरं का असेना, पण मन अडतं म्हणतो! मी म्हटलं, थोडं फुगून बसावं, म्हणजे दुसरं करतील. आणि आता सांगताय, ते लाकडावर होतं?"

मझेंनी माईक तोंडाशी नेला. "नाही नाही! तुझ्यावरच! खोवणी म्हणजे तूच की!"

"खोटं!" झाडावरून आवाज आला. "खोवणीवरच आहे! आम्ही डोळ्यांनी बघितलं!"

"अध्यक्ष पडले की तिच्यावरून!" दुसरा ओरडला.

"मझे, आता फिरवू नका शब्द," बी रिझिकीनं सुनावलं.

बाईंनी मागं जाऊन खुर्चीवरचं गाठोडं उचललं. धक्क्यावरून फेरीबोटीनं भोंगा दिला. ज्या भोंग्यावर मझेंनी जन्म काढला, त्याचं त्यांना पहिल्यांदाच भय वाटलं.

"थांब कोंबो!" ते माईकमधून ओरडले. "गाणं माझं नाहीच! गाणं तू म्हणतेस!"

बाई थांबल्या. "मी? कुणावर?"

"दात कुणाचे झिजलेत?"

बाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. "तुमचे."

"मंडळ मंडळ करत कुणाचा पाय घरात टेकत नाही?"

"तुमचा."

"खोबरं कोण खातं आणि तुझ्या वाट्याला करवंट्या कोण ठेवतं?"

"हे मात्र आज कबूल केलंत!" बाई म्हणाल्या, आणि पटांगणातल्या बाया खदखदल्या.

"उठता-बसता कुरकुरतं कोण?"

"शेजारपाजारच्यांना विचारा," बाई म्हणाल्या, पण ओठांचा कोपरा जरा हलला होता.

"आणि टाकावी वाटते, पण मन अडतं... ते कुणाचं, कोंबो? ते तेवढं मला माहीत नाही. ते तूच सांग."

म्वानाकोंबोबाईंनी पेटीवाल्याकडं बघून मान हलवली. "शेवटचं कडवं घे रे."

पेटी सुरू झाली. बी तिमेनं आवाज लावला. म्वानाकोंबोबाईंनी कांग्याच्या गाठीतून नोट सोडली, ती डोक्यावर धरली, आणि गावानं कधी पाहिलं नव्हतं अशा डुलत डुलत त्या व्यासपीठावर चढल्या. नोट बी तिमेच्या हातात दिली. बघितलं मात्र नवऱ्याकडं, डोळ्यांत डोळे घालून. बायांनी तिथल्या रीतीनं जिभा हलवून असा काही कल्ला केला की धक्क्यावरची फेरीबोट रिकामी सुटली, कारण कप्तानसुद्धा इकडंच धावत आला होता.

घरी परतताना गाठोडं बाईंच्या डोक्यावर आणि खोवणी मझेंच्या बगलेत होती. अंगणात पाय ठेवताच मझेंनी हळूच विचारलं, "मग... रात्री भात नारळातला?"

"नारळातलाच की," बाई म्हणाल्या, आणि एक सोललेला नारळ त्यांच्या हातात ठेवला. "बसा. गाणं तुमच्यावर आहे ना?"