अर्लरावांचे व्याही

ढोबळेकाका पहिल्यांदा आमच्या घरी आले त्या दिवशी त्यांनी माझ्या बायकोने केलेला बेसनाचा लाडू मोजला. किती खाल्ले ते मोजलं असं नव्हे. शर्टाच्या खिशातून त्यांनी डिजिटल कॅलिपर काढला, त्याच्या दोन जबड्यांत लाडू अलगद धरला, आकडा वाचला, मग दुसरा लाडू उचलून तोही मोजला आणि कौतुकाने मान हलवत म्हणाले, "वा पोरी! टॉलरन्समध्ये आहे."

ही स्तुती की तक्रार, हे मेधाला कळेना. तिने सावधगिरी म्हणून डबा आत नेऊन ठेवला.

आम्ही तेव्हा पुण्याहून टेक्सासमधल्या प्लेनोत नवीनच आलो होतो. काका आमच्यापासून दोन घरं सोडून राहायचे. मूळचे नागपूरचे, अमेरिकेत तीस वर्षं झालेली. आयुष्यभर एका टेलिकॉम कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. दोन हजार एकच्या पडझडीत कंपनीने अर्ध्या इमारतीला घरी पाठवलं, त्यात काकाही आले. आडनाव ढोबळे, पण त्या माणसाला आयुष्यात ढोबळ असं काही खपलं नाही. पोळीचा घेर, चहातली साखर, लॉनच्या गवताची उंची, सगळ्याला मोजमाप.

त्यांचं दुसरं वेड कळायला मला आठवडाभर लागला. मी गॅरेजमध्ये ड्रिल घेऊन पडद्याची दांडी बसवत होतो. काका फाटकातून ओरडले, "बोट बाहेर!"

मी दचकून बोट बघितलं. सगळी बोटं शाबूत होती.

"अरे, ट्रिगरवरचं बोट बाहेर काढ नं. आधी नेम, मग बोट."

ड्रिल असो, काच पुसायचा स्प्रे असो, मेधाचा हेअर ड्रायर असो, ज्याला म्हणून खटका आहे अशी कुठलीही वस्तू कोणाच्या हातात दिसली की काकांच्या तोंडून "बोट बाहेर!" आलंच. स्वतः बागेला पाणी घालताना पाइपचं तोंड समोर धरून ते खेकड्यासारखे आडवे सरकत. कोणी मागून हाक मारली तर वळायचे नाहीत. आधी नळ बंद करायचे, पाइप खाली ठेवायचे आणि मग म्हणायचे, "बोल बाप्पा." महाराष्ट्र मंडळाच्या होळीला त्यांनी पिचकाऱ्या घेतलेल्या पोरांना एका रांगेत उभं केलं आणि "आर यू रेडी? स्टँडबाय!" असं म्हणून शिट्टी वाजवली. पोरांना ती होळी फार आवडली. रांगेच्या समोर राहून गेलेल्या खजिनदारांना तितकी आवडली नाही.

ही सगळी शिस्त पिस्तुलाची होती. ढोबळेकाका, ज्यांनी लहानपणी लवंगी फटाकासुद्धा लांब काठीला उदबत्ती बांधून लावला होता आणि जे अजूनही कुकरच्या शिट्टीला कानांवर हात ठेवत, ते दर महिन्याला पिस्तूल नेमबाजीच्या मॅचला जायचे.

याला कारण त्यांचे व्याही.

काकांच्या मुलीने, गौरीने, टायलर नावाच्या टेक्सासच्या मुलाशी लग्न केलं. मुलाचे वडील अर्ल. प्लेनोच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर त्यांची जमीन आणि गुरं. बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेली. माणूस सहा फुटांवर, बोलणं मोजकं, पायात कायम बूट. आता काकांच्या हिशेबी व्याही म्हणजे व्याही, मग तो नागपूरचा असो की टेक्सासचा. त्यांनी लग्नात सगळा मानपान केला. शाल, नारळ, फेटा. व्याहीभेटीच्या वेळी गुरुजींनी अर्लना समजावलं की आता मुलीच्या वडिलांना आलिंगन द्यायचं. अर्लनी काकांना कवेत घेऊन जमिनीपासून वर उचललं आणि फोटो निघेपर्यंत तसंच धरून ठेवलं. तो फोटो काकांच्या दिवाणखान्यात आहे. त्यात काकांच्या चपला जमिनीवर आहेत आणि काका वर.

तेव्हापासून काका त्यांना "अर्लराव" म्हणतात. अर्ल काकांना "मॅनो" म्हणतात, कारण मनोहर त्यांना पेलवत नाही.

लग्नानंतर वर्षभरात गौरी आणि टायलर नोकरीसाठी सिएटलला गेले. मागे राहिले दोन बाप. व्याह्यांची विचारपूस करायला पाहिजे म्हणून काका रविवारी अर्लरावांकडे जाऊ लागले. पण बोलायचं काय? अर्लरावांचा धंदा गुरांचा, काका शुद्ध शाकाहारी, म्हणजे धंद्याबद्दल विचारायची सोय नाही. फुटबॉल काकांना कळत नाही. क्रिकेट अर्लरावांना माहीत नाही. हवेवर बोलून झालं की दोघं पोर्चमध्ये समोरच्या रस्त्याकडे बघत बसायचे, आणि त्या रस्त्यावरून कोणी जात नसे. शेवटी एका रविवारी अर्ल म्हणाले, "मॅनो, मी आज मॅचला जातोय. चल."

खेळ असा. कमरेला पिस्तूल लावायचं, पिंपांच्या आडून, खोट्या खिडक्यांतून, धावत पळत पुठ्ठ्याच्या माणसांवर नेम धरायचा, आणि हे सगळं किती सेकंदांत झालं ते एक यंत्र मोजतं. ते यंत्र "बीप" करतं तेव्हा सुरुवात.

काही महिने शिकून काका पहिल्या मॅचला उतरले. तो किस्सा मला अर्लनीच डोळे पुसत सांगितला. सुरुवात दोन्ही हात वर करून होती. बीप झाला. काका हात वर करून उभेच. पंच वाट बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, आता गोळ्या झाडायला हरकत नाही." काका "थँक यू" म्हणाले आणि मग सावकाश सुरू झाले. वाटेत एक पांढरा पुठ्ठा होता. पांढरा म्हणजे निरपराध माणूस, त्याला गोळी लागली की गुण कापतात. काकांची एक लागली. काका थांबले, त्या पुठ्ठ्याला "सॉरी" म्हणाले आणि पुढे गेले.

ते शेवटून पहिले आले. पण जितक्या गोळ्या लागल्या त्यातल्या बहुतेक अगदी मधोमध. अर्लनी पाठीवर थाप मारली, काका दोन पावलं पुढे गेले आणि व्याह्यांना एकदाचा बोलायला विषय मिळाला.

मग काकांना काडतुसं भरायचा नाद लागला. एकदा झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नसते. ती घासून लख्ख करायची, तिच्यात नवीन दारू मापून घालायची, वर शिशाची गोळी बसवायची आणि प्रेसचा दांडा ओढायचा, की काडतूस पुन्हा तयार. आयुष्यभर क्वालिटी कंट्रोल केलेल्या आणि सक्तीने घरी बसलेल्या माणसाला देवाने याहून चांगलं काय द्यावं? गॅरेजमधून गाडी बाहेर गेली आणि टेबल आत आलं. पुंगळ्या चाळायला विमलकाकूंची पुरणाची चाळणी गेली. शिसं लागलेली चाळणी घरात परत घ्यायची नाही, म्हणून काकांनी त्यांना नव्या दोन आणून दिल्या. काकूंनी त्यातली एक कुलपात ठेवली.

काकूंचा खरा त्रास वेगळाच होता. मंडळातल्या कोणाचा फोन आला आणि "काका काय करतायत?" असं विचारलं की त्या सरळपणे सांगायच्या, "गॅरेजमध्ये दारू भरून राहिले." पलीकडे शांतता. मग काकू घाईघाईने म्हणायच्या, "नाही हो, मोजून! दाण्याइतकीही जास्त होऊ देत नाहीत!" नोकरी गेल्यावर ढोबळे कशाच्या आहारी गेले, यावर प्लेनोत बरीच चर्चा झाली.

मी मॅचला जाऊ लागलो तो गंमत म्हणून. वर्क व्हिसावरचा माणूस, पिस्तुलाला हात लावायचा नाही हे मी ठरवलेलं. पण पुठ्ठ्यांना पडलेल्या भोकांवर कागदी ठिगळं चिकटवायला माणूस नेहमीच लागतो. मी ठिगळं लावायचो, अर्लच्या ट्रकमागे बसून काकूंची भाकरवडी खायचो. अर्लही खायचे. "हॉट," असं म्हणून आणखी घ्यायचे.

असं बसलो असताना एका वसंतात मला दिसलं की दर फेरीनंतर अर्ल थंड पेयांच्या बर्फाच्या पेटीत हात घालतात आणि सोडा शोधत बसतात. पेटीत एकाच प्रकारचा सोडा होता. शोधण्यासारखं काही नव्हतं.

मी काकांकडे बघितलं. काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

घरी येताना ते म्हणाले, "मनगट गेलं त्यांचं. संधिवात. मला कळून राहिलं होतं."

"मग त्यांना सांगा ना, थांबा म्हणून."

"कसं सांगू? व्याही आहेत."

अडचण अर्लच्या पिस्तुलाची होती. ते मोठ्या गोळीचं, जोरकस धक्क्याचं. या खेळात जोरदार काडतुसांना "मेजर" म्हणतात आणि गोळी कडेला लागली तरी त्यांना जास्त गुण असतात. हलकी काडतुसं ती "मायनर". अर्ल जन्मभर मेजर. मायनरवाल्यांना ते हसून म्हणायचे, "तुझी बंदूक पाणी उडवते काय रे?" काकाही मायनरच होते, पण व्याह्यांनी त्यांना कधी ते म्हटलं नाही.

काकांनी काय करावं? ते अर्लना म्हणाले, मी रिकामाच आहे, तुमचीही काडतुसं मीच भरतो. अर्लनी थोडं कां-कूं केलं आणि पुंगळ्यांची बादली ट्रकमधून काढून दिली. त्यानंतर महिन्यागणिक काका दारूचं माप कणाकणाने उतरवत गेले. पुस्तकात दिलेल्या सुरक्षित मापाच्या आत, पण खाली, आणखी थोडं खाली. उन्हाळा येईपर्यंत अर्लरावांची काडतुसं नावाला मेजर आणि आतून चक्क मायनर झाली होती. क्लबच्या मॅचला कोणी तपासत नसे. अर्ल मेजर म्हणून नाव सांगायचे, सगळे मानायचे. बर्फाच्या पेटीतलं शोधकार्य थांबलं. काका फार खूश होते.

आणि मग अर्लनी दोघांची नावं मोठ्या मॅचला दिली. तिथे गोळीचा वेग मोजायचं यंत्र असतं. प्रत्येकाची काडतुसं तपासतात. मेजर म्हणून सांगितलं आणि मायनर निघालं तर सगळ्यांसमोर कळतं.

काकांचं जेवण सुटलं. काकू म्हणाल्या, "सांगून टाका नं सरळ." काकांनी फोन लावला, गुरांची चौकशी केली, जी त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती, आणि ठेवून दिला. शेवटी त्यांनी दोन डबे भरले. एक पुऱ्या जोराचा, एक हलका. मॅचच्या सकाळी माझ्या गाडीत दोन्ही डबे मांडीवर घेऊन बसले होते. एका डब्यात व्याह्यांचं मनगट, दुसऱ्यात व्याह्यांची अब्रू.

मैदानात अर्ल समोरच आले. "मॅनो, माझा डबा?"

काकांनी एक डबा पुढे केला, मागे घेतला, दुसरा पुढे केला. हलकाच होता. चेहरा पडलेला.

"अर्लराव, मला तुम्हाला काही..."

"नंतर," अर्ल म्हणाले आणि तपासणीच्या टेबलाकडे चालू लागले. आम्ही मागोमाग. तिथला माणूस अर्लना वीस-पंचवीस वर्षं ओळखणारा. त्याने पेन उचललं. "अर्ल, नेहमीसारखं मेजर ना?"

"मायनर," अर्ल म्हणाले.

त्या माणसाने वर बघितलं. शेजारचे दोघंतिघंही वळले. एकजण हसला. "पाणी उडवायला लागलास काय?"

अर्लच्या टेक्सन इंग्रजीचं मला जमेल तसं मराठी करतो. ते म्हणाले, "उन्हाळ्यापासून मायनर झाडतोय. माझे व्याही भरून देतात. त्यांच्यामुळे मला दुसऱ्या दिवशी कॉफीचा कप उचलता येतो. हसायचं असेल तर मला हस."

'व्याही' हा शब्द त्यांनी मराठीच वापरला. उच्चार जरा वाकडा होता.

कोणी हसलं नाही. गोळ्या यंत्रासमोरून गेल्या, आकडे आले, माणसाने मान डोलावली. काका तिथून बाजूला जाऊन चष्मा पुसत होते. इतका वेळ पुसला की पुढच्या फेरीसाठी त्यांचं नाव दोनदा पुकारावं लागलं.

मॅच छान झाली. अर्ल मधल्या नंबरांत आले. काकांच्या मागे या वेळी चक्क दोघं होते, त्यातल्या एकाचं पिस्तूल बिघडलं होतं. ऊन उतरलं, लोक सामान भरून जाऊ लागले. अर्ल आणि काका ट्रकच्या मागच्या फळीवर पाय सोडून बसले होते. अर्लचे बूट जमिनीला टेकलेले, काकांचे पाय अधांतरी. मी पुठ्ठे गोळा करत जवळच होतो.

"तुम्हाला कळलं होतं?" काकांनी विचारलं.

"मॅनो, चाळीस वर्षं हे पिस्तूल माझ्या हातात आहे."

"मग बोलला काहून नाही?"

अर्ल मनगट चोळत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टरने वसंतातच सांगितलं होतं, हे बंद कर. मला वाटलं, बंद केलं तर तू रविवारी कशाला येशील?"

काका एकदम ताठ बसले. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "अर्लराव! मी काय बंदुकीसाठी येत होतो? मला तो आवाज अजून सहन होत नाही! कानात कापूस घालून वर ते कान झाकणारे मफ लावतो मी. घरी गेल्यावर विमलला सांगतो, दोन तास मला काही ऐकू येणार नाही!"

अर्लनी वळून त्यांच्याकडे बघितलं. "मग कशासाठी?"

काकांना इंग्रजी शब्द सापडेना. मराठीही सापडत नसावा. हात हवेत एकदोनदा हलला. "तुम्ही एकटे असता," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "आणि गौरी सिएटलला आहे."

अर्लनी बुटाच्या टाचेने जमिनीवरची एक पुंगळी कडेला सरकवली.

"या रविवारी ये," अर्ल म्हणाले. "पण पिस्तूल नाही तर करायचं काय?"

काकांनी थोडा विचार केला. "बसू," ते म्हणाले. "वुई विल सिट."

अर्लनी मान हलवली. त्यांना ते पटलं असावं. मैदान रिकामं झालं तरी दोघं तसेच होते. मी गाडीशी जाऊन उभा राहिलो. तेवढ्यात विमलकाकूंचा फोन आला.

"अरे, जेवायची वेळ झाली. मॅच संपली नाही का? काय करून राहिले ते?"

"काही नाही काकू," मी म्हणालो. "बसलेत दोघं."

काकू म्हणाल्या, "बरं. बसू दे."