निरीक्षकांची रोजची तपासणी

सकाळी सात वाजता निरीक्षकांनी बॉनेट उघडलं आणि नेहमीप्रमाणे प्रत्येक पाइप हाताने ओढून पाहिला. सगळे घट्ट होते. समाधानाने मान डोलावून त्यांनी गाडी सुरू केली. ती दोनदा गुरगुरली, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर उडाला, धपकन खाली आला आणि इंजिनाने मान टाकली.

चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट तपासल्या होत्या. आयुष्यभर वर-खाली केलेल्या माणसाला पुढे जाणारं काहीतरी हवंच असतं, म्हणून नोकरीत असतानाच त्यांनी ही जुनी, टर्बोवाली, दोन दारांची स्पोर्ट्स कार घेतली. इतकी वर्षं ती शहाण्यासारखी चालली. तीन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि ती बिघडली. पळताना झकास, उभी राहिली की धाप लागायची. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे बिचाऱ्यांच्या मनातही आलं नाही.

गॅरेजवाल्याने हात टेकले होते. "हिला कॉम्प्युटर जोडायला भोकच नाही, साहेब. प्लग बदलून बघू." प्लग बदलले. एअर फिल्टर बदलला. मग निरीक्षकांनी स्वतःच स्क्रू पिळून उभ्या इंजिनाचा वेग वाढवला, म्हणजे निदान बंद तरी पडणार नाही. झालं भलतंच. सिग्नलला गाडी डरकाळ्या फोडू लागली आणि शेजारच्या मोटारसायकलवाल्याला ते आव्हान वाटलं. त्यानेही रेस दिली. हिरवा दिवा लागला, मोटारसायकल सुसाट गेली आणि निरीक्षकांची गाडी जागच्या जागी गप्प झाली. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. बायकोला नव्या चपला घालून ती ढकलावी लागली.

भर चौकातच बायकोने निकाल दिला. "रविवारपर्यंत नीट झाली तर ठीक. नाहीतर मी गिऱ्हाईक बघितलंय."

आज रविवार होता. गिऱ्हाईक दहाला यायचं होतं, आणि निरीक्षकांना, खरं सांगायचं तर, रडू येत होतं. लिफ्ट गेल्या, ऑफिस गेलं. सकाळी उठून जिच्याकडे जावं अशी ही एकच उरली होती.

पावणेदहाला त्यांनी पुन्हा इंजिन सुरू केलं. ते धापा टाकत असतानाच बायको चहाचा कप घेऊन आली.

"सापडलं काही?"

"सगळं तर तपासतो गं! एकूण एक पाइप रोज ओढून बघतो."

"रोज?"

"म्हणजे काय! कामात कुचराई नाही."

"आणि लिफ्ट किती दिवसांनी बघायचात?"

"वर्षातून दोनदा."

"मग हिनेच काय घोडं मारलंय?"

आत काय आहे ते पाहायला बायको वाकली आणि तोल सावरायला तिने एका जाड रबरी पाइपावर हात टेकला. इंजिन एकदम शांत झालं.

"अगं, काय केलंस?"

"काही नाही हो, नुसता हात ठेवला."

"काढ बघू."

काढला, धाप लागली. ठेवला, शांत. निरीक्षकांनी खालून बोटं फिरवली. रोजच्या ओढाओढीने पाइपला खालच्या अंगाला चांगली बोटभर चीर पडली होती आणि तिथून नको ती हवा आत शिरत होती.

"म्हणजे मीच..."

तेवढ्यात फाटक वाजलं. गिऱ्हाईक आत आलं, कान देऊन उभं राहिलं आणि खूश झालं. "वा! काय मऊ आवाज आहे! वहिनी, आजच नेतो."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. सदोष लिफ्ट कधी पास न केलेला तो माणूस खरं सांगायला तोंड उघडत होता आणि त्याचा हात गाडीच्या पत्र्यावरून फिरत होता. तिचा जीव तुटला. तिने पाइपावरचा हात उचलला.

गाडी थरथरली, खोकली आणि बंद पडली.

"हे असंच चालतं बघा," बायको गंभीरपणे म्हणाली. "मी स्वतः ढकललीय."

गिऱ्हाइकाला अचानक दुसरं काम आठवलं.

फाटक लागल्यावर निरीक्षक चाचरत म्हणाले, "पण तू तर रविवारपर्यंत म्हणाली होतीस."

"रविवार संपायला अजून चौदा तास आहेत. जा, नवा पाइप आणा. आणि बसवेल तो गॅरेजवाला. तुम्ही नुसतं बघायचं. लांबून."