सरकारांच्या हस्तस्पर्शे धागा जड जाहला त्याची हकीकत

॥ श्रीलेझर प्रसन्न, वजनकाटा सुप्रसन्न ॥

शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमीचे दिवशी प्रयोगशाळा संस्थानी वर्तमान जाहले ते ऐसे जे, श्रीमंत शार्दूलराव संचालकसाहेब गादीवर, आणि त्यांचे पदरी कालिंदीबाई धामणस्कर, डीएनएचे आखूड धागे घडविण्यात बहुत प्रवीण. बाईंनी तान्ह्या बाळांचा सिकलसेल आजार ओळखावयाचे धागे घडविले आणि डोंगरातील रुग्णालय त्यांची वाट पाहत बसले. मात्र वजन बरोबर न भरल्यास अवघा माल मोरीत ओतावा, ऐसा शिरस्ता. वजनाची रीत ऐसी जे, धागा आम्लात कालवून पत्र्यावर ठिपका वाळवावा आणि वर लेझरचा बार काढावा, मग धागा निर्वात नळीतून उडतो. हलका आधी पोचतो, जड मागाहून, आणि त्या वेळेवरून वजन कळते, पडद्यावर एका वजनास एक सुळका उठतो. परंतु या संस्थानी सरकारांचा, म्हणजे संचालकसाहेबांचा, हात लागल्याविना काहीच सुरू होत नसे. आता याला काय म्हणावे! भर ऑक्टोबरचा उकाडा, सरकारांनी यंत्राची पूजा आटोपली आणि घामेजल्या बोटाने ठिपक्यास आशीर्वाद दिधला, मग बार काढिला. तो पडद्यावर एका सुळक्याचे जागी सात सुळके, एकाहून एक जड! मंडळी म्हणाली, "वाहवा! एक धाडिला, सात आले, काय ही बरकत!" मग कोणी शिरस्त्याची आठवण दिधली आणि सरकारांची मर्जी खट्टू जाहली. म्हणाले, "बाई, माल भेसळीचा आहे. ओता मोरीत."

बाईंनी अर्ज केला, "साहेब, धागा चोख आहे हो. आपल्या घामातलं मीठ चिकटलंय त्याला, म्हणून वजन वाढलं." कारभारी अच्युतपंत गरजले, "सरकारांस घाम येत नाही!" आणि स्वतःचे कपाळ पुसते जाहले. मग बाईंनी तबकात रबरी हातमोजे ठेवून पुढे केले, "खंडेनवमीचा मानाचा पोशाख, साहेब. धारण करून नव्या ठिपक्याला हात लावावा." सरकार भलतेच खूश जाहले, मोजे चढविले, नव्या ठिपक्यास हळूच बोट लाविले आणि बार निघाला, एकच सुळका, वजन तंतोतंत! अच्युतपंतांनी तत्काळ पुकारा केला, "सरकारांच्या स्पर्शाने धागा शुद्ध जाहला!" आणि बाईंकडे डोळे वटारून पाहिले. बाई म्हणाल्या, "कोणाचंही नाव घाला, पण धाग्यांची पेटी आजच्या गाडीनं डोंगरात जाऊ द्या." पेटी गेली.

सारांश, सरकार चोख ठरले. दरबारी मंडळी हल्ली मोजे घालूनच जेवितात, भात सांडतो, मान राहतो. डोंगरात पहिले बाळ तपासिले, ते निरोगी निघाले. त्याचे आईस ना सरकार ठाऊक, ना बाई. जाहले ते लिहिले.