तीस वाक्यांचे रशीदभाऊ

रशीदभाऊंनी आयुष्यात कुणाला काही सांगितलं नाही. जे असेल ते जाहीर केलं. चहाच्या टपरीवर उभे राहिले की, "लक्ष द्या मायबाप, लक्ष द्या! एक चहा, साखर कमी." एकदा चष्मा हरवला, तर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी तो हरवल्याचं असं खणखणीत जाहीर केलं की तासाभरात तीन चष्मे जमा झाले. त्यातला एकही त्यांचा नव्हता. मुलीच्या लग्नात पंगत बसल्यावर माइक हातात घेऊन त्यांनीच पाहुण्यांना कळवलं, की भात जरासा कच्चा राहिला आहे, सांभाळून घ्यावं.

त्यांचा धंदाच तो. आमच्या वडसा गावात थंडीच्या दिवसांत पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या मुक्काम ठोकतात. त्यांच्या नाटकांची जाहिरात ऑटोला भोंगा बांधून गावोगाव करायचे ते रशीदभाऊ. एरवी हरवलेल्या बकऱ्या, लसीकरणाची शिबिरं, बाजाराचा बदललेला दिवस. आरमोरीकडच्या खेड्यांतही लोक ऑटो दिसायच्या आधी आवाज ओळखत.

बोलण्यात असे वाघ, पण ऐकण्याच्या नावानं बोंब. तुम्ही अर्धं वाक्य बोललात की ते हात वर करत, "समजलं. पुढचं मी सांगतो." आणि सांगत, बहुतेक वेळा चुकीचं. एकदा मी "आमच्या बहिणीला..." एवढंच म्हणालो, तर त्यांनी मुलगा झाला की मुलगी ते विचारलं. बहिणीला नोकरी लागली होती. तिचं लग्न तर अजून व्हायचं होतं.

गेल्या वर्षी त्यांचा आवाज मधूनमधून बसू लागला. आधी त्यांनी बर्फगोळ्याला दोष दिला, मग माइकला. शेवटी मेहुण्यानं नागपूरला नेलं. गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

माझं लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं दुकान आहे. रशीदभाऊ एका दुपारी तिथे आले, दार लावून घेतलं आणि हे सगळं त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. ते हळू बोलू शकतात हे मला त्या दिवशी कळलं.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरमधी माणसाचा आवाज भरून ठेवता येते म्हणत होता ना तू?"

येत होता. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन सोय आली होती. दहा-पंधरा मिनिटं बोलायचं, मग मशीन तो आवाज शिकतं आणि आपण टाइप केलेलं कुठलंही वाक्य त्या आवाजात म्हणून दाखवतं. मी विचारलं, पुढच्या सीझनच्या जाहिरातीसाठी का?

"जाहिरात गेली चुलीत. नसीमसाठी पाह्यजे."

नसीम त्यांची एकुलती एक मुलगी, गोंडपिपरीला दिलेली. तिला सातवा महिना होता. आई दोन वर्षांपूर्वी वारल्यापासून ती रोज संध्याकाळी बापाला फोन करायची. बाळंतपण नीट पार पडेपर्यंत तिच्या कानावर ऑपरेशन जाऊ द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

मी त्यांच्यापुढे पेपर ठेवून वाचायला सांगितलं. त्यांनी धानाच्या भावापासून निधन वार्तांपर्यंत सगळं भोंग्यावर असल्यासारखं वाचलं. मशीन तेच शिकलं. मी "बेटा, जेवलीस का" टाइप केलं, तर ते असं काही गरजलं की वाटलं, पोरगी जेवली नाही तर पडदा वर जाणार नाही. रशीदभाऊंनाही ते पटेना. साधं बोला म्हटलं, तर त्यांना साधं बोलता येईना.

शेवटी मी माइक चालू ठेवला आणि सहज विचारलं, नसीम लहानपणी कशी होती? मग ते बोलत राहिले. ती ऑटोत त्यांच्या शेजारी बसायची, नाटकाच्या पत्रिका वाटायची, आणि वर भोंगा वाजत असताना त्यांच्या मांडीवर झोपून जायची. पोरीची झोप मोडायची नाही म्हणून कधीकधी ते एखादी गल्ली गुपचूप सोडून द्यायचे. कंपनीवाल्यांना त्याचा पत्ता नव्हता. मशीनला आवाज मिळाला तो यातून.

ऑपरेशन झालं. कंपनीबरोबर आडगावात आहे, तिथे रेंज नाही, असं त्यांनी नसीमला आधीच सांगून ठेवलं होतं. परतल्यावर गळ्याला पातळ रुमाल बांधून ते रोज संध्याकाळी दुकानात येऊन बसू लागले. मी तीस वाक्यं तयार ठेवली होती. घरात ते हिंदी बोलत, वाक्यंही हिंदीतच होती. मी इथे मराठीत सांगतो. हो बेटा. जेवलो. औषध घेतलंस का? काळजी करू नको. नसीमचा फोन आला की तो स्पीकरवर टाकायचा, रशीदभाऊ बोट दाखवतील ते वाक्य मी वाजवायचं. यादीत नसलेलं काही म्हणायचं असेल तर ते कागदावर लिहीत आणि मी टाइप करी.

यात एक अडचण होती. तिचं बोलणं संपेपर्यंत उत्तर निवडता येत नसे. त्यामुळे रशीदभाऊंना सगळं ऐकावं लागे. पहिले दोन दिवस नसीम नेहमीसारखी पटकन बोलून थांबली. मग तिचं बोलणं वाढत गेलं. सासूबाईंचं सांगू लागली. एक दिवस म्हणाली, बाळंतपणाची भीती वाटते, अम्मी असती तर बरं झालं असतं. मी कुठलं वाक्य वाजवू म्हणून पाहिलं. रशीदभाऊंनी मान हलवली. काहीच नको. ती रडत होती तोवर ते फोनकडे बघत बसले.

बाराव्या दिवशी फोनच्या वेळेला ती स्वतःच दुकानाच्या दारात उभी राहिली. नवऱ्याला घेऊन गाडी करून आली होती. घराला कुलूप होतं, शेजाऱ्यांनी इकडे पाठवलं. तिनं बापाच्या गळ्याचा रुमाल पाहिला, माझी स्क्रीन पाहिली आणि तिला सगळं उमगलं. मला वाटलं ओरडेल. ती खुर्चीचा आधार घेऊन हळूच बसली.

"आवाज अब्बाचाच होता, भाऊ," ती मला म्हणाली. "पण अब्बानं मले एवढं बोलू कधी देल्लंच नाई. म्हून भेव वाटलं."

रशीदभाऊंनी स्क्रीनवरच्या यादीवरून बोट फिरवलं. वरून खाली, पुन्हा वर. एकही वाक्य लागू पडत नव्हतं. मग त्यांनी कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि टाइप करायला माझ्यापुढे सरकवल्या. नसीमनं तो कागद मधेच घेतला.

"राहू द्या. मलेच वाचू द्या."

तिनं वाचला, तोंडाला ओढणी लावली आणि हसली की रडली ते मला कळलं नाही. कागद टेबलावर पडला तेव्हा मीही वाचला.

"काल फोन कटला तेव्हा सासूबाईंचं अर्धंच राहिलं होतं. मग काय झालं?"

नसीमनं डोळे पुसले आणि खुर्ची बापाच्या जवळ ओढून घेतली. मी कॉम्प्युटर बंद केला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन चहा प्यायला बाहेर पडलो.