विडा आधी, भाषण मागून

सत्कार कसा करावा हे ग्वाल्हेरच्या अख्ख्या लष्कर पेठेत भालचंद्रपंतांना विचारावं, असं भालचंद्रपंत स्वतःच सांगत. तीस वर्षं ग्वाल्हेर दरबारच्या समारंभ खात्यात काढलेला माणूस! पण छप्पन सालच्या त्या ऑक्टोबरात पंतांचा पाय घरात ठरेना. एक नोव्हेंबरला मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन होणार, राजधानी भोपाळला जाणार, आणि दरबारच उरला नाही म्हटल्यावर समारंभवाले घरी बसणार, अशी बोलवा होती. घरी बसून करायचं काय? अनसूयाबाईंनी तांदूळ निवडायला देऊन पाहिले. खडे भातात आले.

तेवढ्यात जयेंद्रगंजातल्या डॉक्टर लक्ष्मीकांतांचं अणुरसायनातलं संशोधन गाजलं आणि गावानं सत्कार ठरवला. पाहुणे कोण, तर नोकरीत कुणाला ठेवायचं नि कुणाला नाही याची यादी करणारे सचिव दौलतसिंह.

"बस, साहेबांना एकदा माझं काम डोळ्यांनी बघू दे," पंत म्हणाले.

सभेच्या दिवशी पंत सकाळपासून अत्तरदाणी पुसत होते. संध्याकाळी साहेब आले ते घड्याळ बघतच. सातची गाडी होती, भाषण निम्मं ऐकूनच निघणार म्हणाले. अत्तर, गुलाबपाणी, चांदीच्या तबकातला विडा, सगळी शोभा शेवटी. आणि साहेब तेव्हा स्टेशनवर! छे. पंतांनी मनाशी ठरवलं आणि हारापाठोपाठ, भाषणाच्या आधीच, डॉक्टरांच्या मनगटाला अत्तर लावून हातात विडा ठेवला.

पहिल्या रांगेतले सरदार जगदेवराव उठले. त्यांनी कमरेत वाकून मुजरा केला आणि दाराकडे चालू लागले. जगदेवराव उठल्यावर बसून राहायची कुणाची छाती? रांगेमागून रांग उठली. पाच मिनिटांत दोनशे माणसं बाहेर पडली, तीही रांगेनं, एकही धक्का न लागता.

पंत हातात गुलाबदाणी घेऊन मागे धावले. इंदरगंजच्या चौकात त्यांनी जगदेवरावांचा टांगा गाठला.

"सरकार, परत चला. डॉक्टर अजून बोललेच नाहीत."

"पंत, विडा झाला. दरबार उठला."

"दरबार कुठला, सभा आहे ती!"

"मग विडा कशाला दिलात?" जगदेवराव शांतपणे म्हणाले. "पोरवयात मी विड्यानंतर बसून राहिलो, तर भर दरबारात तुम्हीच मला दंडाला धरून उठवलं होतंत. ती लाज मी अजून विसरलो नाही."

टांगा गेला. नोकरीही त्याच टांग्यातून गेली असं त्यांना वाटलं आणि रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

परत येऊन बघतात तो दालनात दौलतसिंह आणि डॉक्टरांच्या मावशी इंदुताई, एवढेच श्रोते. डॉक्टर मात्र मजेत होते.

"पंत, आमचे काही पदार्थ निम्मे विरायला हजारो वर्षं घेतात," ते म्हणाले. "तुम्ही एका विड्यात सगळा दरबार विरवलात."

साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि स्टेशनवर गेले. पुढचे दहा दिवस पंतांनी पोस्टमनच्या वाटेवर चपला झिजवल्या. अनसूयाबाईंनी तांदूळ द्यायचंही सोडलं.

अकराव्या दिवशी हुकूम आला. भालचंद्रपंतांना नोकरीत कायम करून भोपाळला पाठवण्यात येत होतं. खाली साहेबांनी हातानं लिहिलं होतं की नव्या राजधानीत सभा एकदा बसल्या की उठतच नाहीत, आणि दोनशे माणसं पाच मिनिटांत विनातक्रार उठवणारा दुसरा माणूस त्यांनी पाहिला नाही.

"कला आहे ती," पंत अनसूयाबाईंना म्हणाले आणि अत्तरदाणी ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली.

भोपाळच्या पहिल्याच लांबलेल्या सभेत पंतांनी ऐटीत सगळ्यांना अत्तर लावलं, विडे दिले आणि दार उघडून बाजूला उभे राहिले. लोकांनी विडे खाल्ले, चुना जरा कमी पडलाय म्हणाले, आणि आणखी एकेक मागवून मांडी घालून बसले.