ऊब घ्यायला गेलेली अंगठी

आमच्या बेटावर गुप्तहेर एकच आहे, आणि तो म्हणजे मी, हेक्टर मॅकफी. नजर घारीची (चष्मा लावल्यावर), कान सशाचे, आणि एकदा पाहिलेला चेहरा मी जन्मात विसरत नाही. नाव तेवढं बायको सांगते. पोस्टातलं हरवलेलं मांजर मी चार दिवसांत शोधलं. ते तिसऱ्याच दिवशी आपण होऊन परत आलं होतं, हा तपशील लोक उगाच जोडतात.

पण गुप्तहेरीवर पोट भरत नाही, कारण इथे गुन्हेच होत नाहीत. म्हणून मी आणि माझी बायको इशबेल लग्नं लावतो. आम्ही पाद्री नाही, सरकारी साहेबही नाही. लांबलांबची जोडपी आमच्या किनाऱ्यावर लग्नाला येतात. त्यांना चर्चमधलं ठरावीक बोलणं नको असतं. ती कुठे भेटली, कशावरून भांडली, हे ऐकून आम्ही फक्त त्यांच्यापुरता विधी रचतो. ऐकायचं काम इशबेलचं, रचायचं माझं. मग तो दुरुस्त करायचं पुन्हा इशबेलचं.

तर त्या दिवशी लग्न होतं श्योनाचं. ती आणि तिचा योस्ट, दोघं उत्रेख्त या डच शहरातली. पण श्योनाची आई आमच्या बेटावरची. आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिचीच अंगठी श्योना घालणार होती, आणि लग्न आईच्या लाडक्या खडकाळ टापूवर व्हायचं होतं. टापूवर जायला वाळूची वाट आहे. भरती आली की ती बुडते. त्या दिवशी ती चार वाजता बुडणार होती, आणि केक या बाजूला होता. तीनला आम्ही सुरुवात केली.

माझा विधी असा होता की दोन्ही अंगठ्या पाहुण्यांच्या हातांतून फिरवायच्या. ज्याने त्याने मुठीत धरून ऊब द्यायची, मनात शुभेच्छा द्यायच्या आणि पुढे द्यायची. प्रथा जुनी आहे, नियम माझे. मी खड्या आवाजात सांगितलं, "मनातलं सगळं सांगून होईपर्यंत मूठ उघडायची नाही. तोंडही उघडायचं नाही."

इशबेलने अंगठ्या रिबिनीने एकत्र बांधल्या होत्या. रिबीन मी सोडली.

"हाताला सोनं लागायला हवं," मी म्हणालो.

"हरवेल रे एखादी."

"मी असताना?"

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. ही नजर एकतीस वर्षांत मला पाठ झाली आहे.

योस्टची अंगठी उजवीकडून निघाली आणि बत्तीस जणांच्या हातांतून फिरून परत आली. डावीकडून निघालेली श्योनाची आलीच नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. लोक एकमेकांच्या बुटांकडे बघू लागले.

श्योना हळूच म्हणाली, "ती अंगठी नसेल तर मी लग्न करणार नाही. आईला बाजूला ठेवून कसं करू?"

मी चष्मा लावला. "कुणी हलू नका, कुणी बोलू नका. साक्षीदार बोलले की साक्षी एकमेकींत मिसळतात."

"डावीकडून एकेकाला विचार ना," इशबेल म्हणाली. "अंगठी मिळाली का, कुणाला दिली. जिथे थांबली तिथे सापडेल."

"असले सरळ प्रश्न नवशिके विचारतात, इशबेल."

पहिला संशय योस्टच्या मित्रावर, बासवर. तो दोन्ही हात खिशात घालून उभा होता आणि थरथरत होता. मी खिसे उलटे करायला लावले. निघाले दोन हात, तेही निळे पडलेले. बिचारा टी-शर्टवर आला होता.

दुसरा संशय बॅगपाइप वाजवणाऱ्या लॅकलनवर. "अंगठी फिरायला लागल्यापासून तुझा सूर बिघडलाय," मी म्हणालो. "अंगठी पाइपात आहे."

"काका, माझा सूर शाळेपासून असाच आहे," लॅकलन म्हणाला.

"हे खरं आहे," मागून त्याची आई म्हणाली. माझ्या हुकुमानंतरही न विचारता बोलणारी पाहुण्यांतली ती एकटीच.

मग मला खरी किल्ली सापडली. गार हात अंगठी लगेच पुढे देतो, धरून ठेवतो तो ऊबदार हात. म्हणजे चोराचे हात गरम असणार. मी प्रत्येकाशी हस्तांदोलन करत निघालो. एकूण एकतीस हात, सगळे बर्फ. इतक्यात पाणी पहिल्या खुर्चीच्या पायाला लागलं.

बत्तिसावा होता टॉर्क्विल, श्योनाचा मामा. वडिलांच्या होडीवरून बहिणीशी अकरा वर्षं बोलला नाही, तिला पोचवायलाही गेला नाही. तो येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. आला आणि डावीकडच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, एका खडकावर उभा राहिला. डोळे मिटलेले, दोन्ही मुठी छातीशी.

"टॉर्क्विल, अंगठी पाहिलीस का?"

त्याने मुठी आणखी घट्ट आवळल्या. मी दोनदा ओरडून विचारलं. मग वहीत लिहिलं, 'कानाने गेला. भाविक. निर्दोष. हात तपासता आले नाहीत, पण गरज नाही.'

आता उरला फक्त योस्टच्या मावशीचा कुत्रा. मी त्याच्यासमोर गुडघे टेकून त्याला जबडा उघडायला सांगत होतो. तेवढ्यात मान वळवली तर इशबेल त्या डच मावशीजवळ उभी. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. इशबेलने आपल्या बोटाभोवती गोल काढून दाखवला. मावशीने हात लांब करून खडकाकडे बोट दाखवलं. एवढाच तपास.

इशबेल खडकावर गेली आणि टॉर्क्विलशेजारी बसली. काही मागितलं नाही तिने. थोड्या वेळाने विचारलं, "टॉर्क्विलदादा, अजून किती राहिलंय?"

त्याने डोळे न उघडता एका हाताचा अंगठा आणि बोट जवळ आणून चिमटीएवढं दाखवलं.

"सावकाश होऊ दे," ती म्हणाली.

आम्ही सगळे थांबलो. पाणी घोट्यापर्यंत आलं. बास उड्या मारत होता. मग टॉर्क्विलने डोळे उघडले, खडकावरून उतरला, पाण्यातून चालत आला आणि श्योनासमोर मूठ उघडली.

"उशीर झाला, पोरी. तुझ्या आईशी बोलायचं बरंच साठलं होतं. आणि या शहाण्याने सांगितलं होतं, संपल्याशिवाय मूठ उघडायची नाही."

"मी ओरडलो तेव्हा बोलायचं तरी," मी म्हणालो.

"तोंडही उघडायचं नाही म्हणालास."

श्योनाने अंगठी उचलली आणि गालाला लावली. "मामा, ही केवढी गरम आहे," ती म्हणाली, आणि त्याचा हात तिने सोडलाच नाही. लग्न लागलं तेव्हा नवरीचा एक हात नवऱ्याकडे होता आणि दुसरा मामाकडे. मी चार पानांचं भाषण लिहिलं होतं. इशबेलने ते दोन ओळींत आटोपलं आणि आम्ही सगळे बूट हातात घेऊन केकाकडे पळालो.

संध्याकाळी घरी जाताना गाडी इशबेल चालवत होती. माझे मोजे हीटरवर वाळत होते.

"तुला कसं कळलं की तो अंगठी चोरत नाहीये?" मी विचारलं. "सगळ्यांदेखत मागून घेतली असतीस तरी चाललं असतं."

"तो माफी मागत होता. त्याला वेळ लागतो. माझ्या घरी एक आहे ना तसाच."

मग मी रिबिनीबद्दल विचार केला. सरळ प्रश्नाबद्दलही केला. निर्दोष लिहिलेलं पान वहीत उघडंच होतं, ते मिटलं. बोटींचा धक्का मागे गेला, शाळा गेली, मॅकलिओडची मेंढरं गेली, तरी माझी मनातली यादी संपेना.

"अजून किती राहिलंय?" रस्त्यावरची नजर न काढता इशबेलने विचारलं.

मी दोन्ही हात जेवढे पसरता येतील तेवढे पसरले. गाडी लहान आहे. उजवा तिच्या नाकाला लागला, आणि यादीत आणखी एकाची भर पडली.